‘पाचावर एक फुकट’चा हिशोब मांडून बघा

घरगुती धंदा करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गिऱ्हाईक बांधून ठेवायचं तर पाच पुड्यांवर एक फुकट द्या, कुणाला नाही म्हणू नका, उधारीला हात आखडू नका, रोज सकाळी मेसेज टाका. मी सोलापुरात नोकरी सांभाळून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते, म्हणून बोलते.

आधी फुकटची पुडी. समजा पाव किलोची पुडी १०० रुपयांना जाते आणि शेंगदाणे, लसूण, तिखट, कांडपाची मजुरी, पिशवी धरून आपल्याला ८० ला पडते. पाच पुड्यांत सुटले १००. सहावी फुकट दिली की त्यातले ८० गेले, हातात २०. एवढ्यासाठी लसूण सोलत कोण बसणार? आणि फुकटासाठी आलेलं गिऱ्हाईक, पलीकडच्या गल्लीत चारावर एक मिळाली की तिकडे वळतंच.

‘नाही म्हणू नका’ यात मात्र मी स्वतः पोळलेय. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, होम मैदानावर ही गर्दी, घरोघरी पाहुणे. रात्री आठला पाच किलोची ऑर्डर आली. कांडपवाली गावाला गेलेली. मी हो म्हणून बसले आणि मिक्सर लावला. उखळात शेंगदाणा ठेचला जातो, हळूहळू तेल सुटतं, तिखट-लसूण त्यात मुरतात. मिक्सरच्या पात्यानं आधी नुसतं कूट होतं, आणि जरा जास्त फिरवलं की चिकट लगदा. दोन दिवसांनी नेहमीच्या मावशी डबा घेऊन दारात. झाकण उघडून माझ्या नाकासमोर धरला.

“अक्का, ही तुमची चटणी नाही बघा.”

पैसे परत केले. पण मावशींना माझा हात ओळखता येतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं! आता रात्रीच्या ऑर्डरला ‘परवा मिळेल’ सांगते. बहुतेक जण थांबतात. ज्यांना घाईच आहे त्यांना दुसऱ्या एका बाईंचा नंबर देते. त्या पण उखळातच कुटतात.

उधारीचं काय सांगायचं! तीनशे थकले की माणूस आपली गल्लीच टाळतो. तीनशेही गेले, गिऱ्हाईकही गेलं. यंत्रमागावर आठवड्याला पगार होतो त्या घरांना पगाराच्या वारापर्यंत देते; त्याला मी उधारी धरत नाही.

राहिला सकाळचा मेसेज. गुलाबाच्या फुलावर चटणी विकली गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. मी आदल्या दिवशी एकच ओळ टाकते, ‘उद्या कांडप आहे.’ रात्रीपर्यंत उत्तरं येतात. ‘अर्धा.’ ‘एक किलो, लसूण कमी.’ ‘लेक परवा पुण्याला निघालाय, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसच्या आधी मिळेल का?’