राख पुन्हा वापरता येते, पण किती वेळा?

केळीच्या सालींच्या राखेपासून बायोडिझेलसाठी (तेलापासून बनणारं डिझेलसारखं इंधन) उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, करता येतो, हे तुमच्या लेखात फार छान समजावलंय. विषय मनापासून आवडला. फक्त राखेबद्दलचं ‘गाळून पुन्हा पुन्हा वापरा’ हे वाक्य खटकलं.

या राखेची सगळी ताकद पोटॅशियममध्ये आहे. साली वाळवून, जाळून, मग भट्टीत ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्या की मुख्यतः पोटॅशियमची संयुगं उरतात. तेल आणि मिथेनॉल (एक अल्कोहोल) यांची अभिक्रिया घडवून बायोडिझेल करतात ती हीच. पण अडचणही तिथेच आहे. ही संयुगं मिथेनॉलमध्ये आणि सोबत तयार होणाऱ्या ग्लिसरॉलमध्ये थोडी थोडी विरघळत जातात, म्हणून प्रत्येक फेरीत बायोडिझेलचा उतारा घसरतो. शिवाय बायोडिझेलमध्ये सोडियम आणि पोटॅशियम मिळून किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. विरघळलेलं पोटॅशियम धुऊन काढावं लागतं, म्हणजे बायोडिझेल धुण्याचं पाणी वाचेल ही आशा पूर्ण खरी नाही. पोटॅशियम धरून ठेवणारा आधार, उदाहरणार्थ कोळसा किंवा अंड्याच्या कवचाचा चुना, वापरून पाहण्याचे प्रयोग म्हणूनच महत्त्वाचे वाटतात.

राख उघडी ठेवू नका, हेही लिहायला हवं होतं. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून ती मंदावते. बरणी घट्ट बंद हवी आणि वापरण्याआधी राख पुन्हा तापवलेली बरी.

तळणीच्या जुन्या तेलाचं काय? त्यात मुक्त स्निग्धाम्लं (तेलातून सुटी झालेली आम्लं) जास्त असली तर आधी ती कमी करावी लागतात, नाहीतर साबणच होतो. त्यावर सविस्तर लिहाल का?