बेडूकमासे पाण्याच्या टाकीत सोडू नका

पावसाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो: ‘बेडूकमासा हा छोटा मासाच. तो डासांच्या अळ्या फस्त करतो, म्हणून डबक्यातून थोडे आणून टाकीत सोडा. पुढे शेपूट गळून पडते आणि त्याचा बेडूक होतो. प्रत्येक बेडूक असाच तयार होतो.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. पण लोक खरंच बादली घेऊन निघतात ते अळ्यांच्या वाक्यामुळे, म्हणून आधी ते.

बहुतेक बेडूकमाशांचं तोंड शिकारीसाठी नसतं. आपली नखं ज्या केराटिनची, त्याचीच त्यांना काळी चोच असते आणि तिच्या वर-खाली बारीक दातऱ्यांच्या ओळी. याने दगडावरचं शेवाळ खरवडायचं, तळाचा कुजका पाला चिवडायचा. काचेच्या बरणीतला बेडूकमासा खालून पाहा: पोटाच्या पातळ कातडीतून घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं लांबलचक आतडं दिसतं. असलं जडान्न पचवायला ते लागतं. डासाची अळी मात्र जरा चाहूल लागली की वळवळत खाली सूर मारते. तिच्यामागे धावणं या खरवड्यांचं काम नव्हे.

अपवाद आहेत. भारतीय बैलबेडकाचे बेडूकमासे मांसाहारी असतात, अळ्याही खातात. पण ते इतर बेडूकमासे, अगदी आपली भावंडंसुद्धा खातात. काही जातींचे बेडूकमासे डासांची अंडी खाताना प्रयोगांत दिसले आहेत. पण डेंगी पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी घालते पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर. तिथे बेडूकमाशाचं तोंड पोहोचत नाही. पाणी चढलं की अंडी बुडतात आणि त्यातून अळ्या निघतात. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा गप्पी मासे असावेत. ते अळ्या खातात, पण तो प्राणीच वेगळा.

टाकीत बेडूकमाशाचंही भलं होत नाही. त्याच्या विष्ठेने आणि अमोनियाने पाणी घाण होतं, म्हणजे डास राहतात ते राहतातच. पुढचे पाय बाहेर आले की कल्ले जिरू लागतात, फुप्फुसांवर भिस्त येते आणि त्याला पाण्याबाहेर चढावं लागतं. टाकीची भिंत सरळसोट असेल तर दमून बुडतो. बेडकाचं पिल्लू पाण्यात बुडून मरतं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मरतं.

शिवाय इकडचे बेडूकमासे तिकडे नेण्यात बेडकांचा जीव घेणाऱ्या कायट्रिड बुरशीचा धोका आहे. ही बुरशी केराटिनवर वाढते, म्हणून बेडूकमाशाच्या तोंडातच तिला घर मिळतं. 1999 मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं. 2019 च्या एका जागतिक आढाव्यात तिच्यामुळे 500 हून अधिक उभयचर जाती घटल्याचा आणि त्यांतल्या 90 नामशेष झाल्याचा अंदाज मांडला गेला. डासांसाठी आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून आतून घासा, झाकण घट्ट ठेवा. घासणं महत्त्वाचं, कारण एडिसची अंडी कोरड्या भिंतीवर कित्येक महिने तग धरतात.

मासाच म्हणावा, तर कल्ले आणि शेपूट आहे, इतकंच साम्य. खवले नाहीत, जोडीचे पर नाहीत. तो बेडकाची अळी-अवस्था आहे, नावात मासा असला तरी.

शेपूट गळत नाही. तळ्याकाठी गळालेल्या शेपट्यांचा खच कधी कुणी पाहिलाय? ती आतल्या आत जिरते. थायरॉईडच्या संप्रेरकाचं प्रमाण वाढलं की शेपटीतल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि त्यांचा माल शरीर वापरून घेतं. त्या काळात तोंड आणि आतडं नव्याने घडत असतं, खाणं जवळपास बंद असतं. मग ही शेपूटच शिदोरी ठरते. 1912 मध्ये गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच बदलून इवलेसे बेडूक झाले. उलट ही ग्रंथी काढून टाकली, तर बेडूकमासा वाढत राहतो, पण बेडूक होत नाही. आणि पायांचं म्हणाल, तर मागचे आधी दिसतात. पुढचे कातडीखाली दडून वाढतात आणि अचानक बाहेर येतात.

राहिलं शेवटचं वाक्य, प्रत्येक बेडूक असाच तयार होतो हे. तेही खरं नाही. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या कोकी बेडकाची मादी जमिनीवर, पानापाल्यात अंडी घालते. बेडूकमाशाची अवस्था अंड्याच्या आतच उरकते आणि बाहेर येतो तो थेट पायांवर उभा असलेला चिमुकला बेडूक. पश्चिम घाटातल्या अनेक झुडपी बेडकांचंही असंच. त्यांच्या पिल्लांना डबकं लागतच नाही.