पुन्हा दाबा, कंटाळून हिरवं होईल

पॅकेज पब्लिश करायला, म्हणजे आपल्या कोडचं गाठोडं सगळ्यांच्या ऑनलाइन कोठारात, रजिस्ट्रीत, चढवायला शुक्रवारी संध्याकाळी साडेसहासारखा मुहूर्त नाही. बेळगावच्या अनगोळात धो धो पाऊस, लाईट येऊन-जाऊन, घरनं तिसऱ्यांदा फोन. हे काम पायरी-पायरीनं आपोआप करणाऱ्या पाइपलाइनमध्ये बिल्ड हिरवं, टेस्ट हिरव्या आणि शेवटच्या पब्लिशवर लाल फुली. अशा वेळी लॉग अजिबात वाचू नका. 'री-रन' दाबा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटात अडकलेला माणूस हॉर्न वाजवतोच की. गेट उघडत नाही, खरं हाताला काम मिळतं. (हे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

४०४ नंबरचा एरर आला तर पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग तासभर तपासत बसा. टोकनकडे, म्हणजे रजिस्ट्रीत शिरायच्या गुप्त किल्लीकडे, बघूसुद्धा नका. टोकनला त्या नावावर लिहायचा हक्क नसला तरी एनपीएम (जावास्क्रिप्टवाल्यांची रजिस्ट्री) तोंडावर नाही म्हणत नाही, 'सापडलं नाही' म्हणतं. खासगी पॅकेज आहे की नाही, हेसुद्धा परक्याला कळू नये म्हणून ही सोय. सरकारी खिडकीवर 'असली फाइलच नाही' ऐकून परत फिरलेल्या माणसाला यात नवीन काही वाटायचं कारण नाही.

४०२ आला तर सरळ कार्ड काढा. '@'नं सुरू होणारं पॅकेज पहिल्यांदा चढवताना ते खासगी धरलं जातं, म्हणून पैसे मागितले जातात. 'पब्लिक' एवढा एक शब्द लिहून ते मिटतं, खरं फुकटात मिटलेल्या कामाला किंमत नसते.

टोकन कटकटीचं वाटत असेल तर 'ट्रस्टेड पब्लिशिंग' घ्या. रजिस्ट्रीकडे वर्कफ्लोच्या, म्हणजे पाइपलाइनच्या पायऱ्या लिहिलेल्या, फाइलचं नाव एकदा नोंदवायचं, मग टोकन ठेवायलाच नको. नोंद झाली की लगेच त्या फाइलचं नाव बदला. रजिस्ट्री अक्षर न् अक्षर ताडून बघते आणि दार लावून घेते. २०१४च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. एका कागदावर हे आणि दुसऱ्यावर ते नाव घेऊन दोन खिडक्यांत फिरलेल्यांना हा एरर समजावून सांगावा लागत नाही.

टोकनच वापरणार असाल तर आमच्यासारखं वापरा. आमच्या क्लायंटकडे टोकन लिहून पाठवायला बंदी होती, सुरक्षिततेसाठी. म्हणून त्यांच्या माणसानं ते फोनवर वाचून दाखवलं, स्पीकर लावून, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं.

"बी बेळगावातला की डी धारवाडातला?"

"धारवाडातला, सर."

"मोठा की धाकटा?"

तेवढ्यात लाईट गेली. परत पहिल्यापासनं. शेवटी ४०१, म्हणजे टोकन चुकीचं. लॉगमध्ये टोकनच्या जागी तीन चांदण्या, त्यामुळं कुठलं अक्षर हुकलं ते देवालाच ठाऊक. नऊ वाजता कळलं, धारवाडातला धाकटा होता.

मग खरी मजा. पॅकेजची १.४.२ ही आवृत्ती रजिस्ट्रीत चढलीसुद्धा, खरं त्यापुढच्या पायरीत गिटवर त्या आवृत्तीची खूण, म्हणजे टॅग, टाकायचा होता आणि पाइपलाइनला रेपोत (कोड ठेवायच्या जागेत) लिहायची परवानगीच नव्हती. परत लाल फुली. आम्ही वरचा नियम पाळला, री-रन दाबलं. आता ४०३: ही आवृत्ती आधीच प्रसिद्ध झाली आहे. ओळ स्पष्ट होती, म्हणूनच कुणाचा विश्वास बसला नाही. रजिस्ट्रीच्या पानावर जाऊन बघावं, हे चौघांतल्या एकालाही सुचलं नाही.

काढून टाकून परत चढवावं म्हणाल तर तेही करून बघाच. एनपीएम पहिल्या ७२ तासांत बहुधा काढू देतं, खरं तो नंबर परत देत नाही. कंडक्टरनं फाडलेलं तिकीट खिडकीतनं फेकलं म्हणून कोरं होत नाही. पायपीआय (पायथनवाल्यांची रजिस्ट्री) तर त्याच नावाची फाइलसुद्धा दुसऱ्यांदा घेत नाही.

आम्ही शहाणपणानं नंबर वाढवला. १.४.३ चढलं, टॅगवर अडकलं, फुली लाल. १.४.४, तेच. आत एका अक्षराचाही फरक नाही. अकरा वाजता १.४.७ला कुणीतरी वैतागून टॅगची पायरीच उडवली, आणि सगळं हिरवंगार.

सोमवारी क्लायंटनं विचारलं, एका रात्रीत सहा आवृत्त्या कशा? आम्ही म्हटलं, कंटिन्युअस डिलिव्हरी. त्या महिन्याचं बिल पहिल्यांदाच वेळेवर पास झालं.