चिपीचं विमान आणि गणपतीतला तो मेसेज

गणपती जवळ आले की सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाबद्दलचा एक मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. म्हणणं थोडक्यात असं: पाऊस हे निमित्त, माणसं कमी असली की विमान रद्द करतात, ‘उडान’ या स्वस्त विमानप्रवासाच्या सरकारी योजनेचं 2500 रुपयांचं तिकीट ही थाप, आणि मुंबईचं विमान बंद पडलं कारण कोकणी माणूस विमानात बसतच नाही.

आधी पावसाचं बघू. परुळ्याजवळच्या त्या सड्यावर आषाढात ढग पार जमिनीला टेकतात. वैमानिकाला ठरलेल्या उंचीपर्यंतच खाली येता येतं. तिथून धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर विमान वर घ्यायचं. हा नियम आहे, त्यात कंपनीची मर्जी चालत नाही. मग पुन्हा प्रयत्न, नाहीतर गोवा किंवा परत मुंबई. तेवढं इंधन निघतानाच भरून घेतलेलं असतं.

शिवाय रद्द करून कंपनीचं भलं होतं कुठे? तेच एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, चिपीहून मुंबईची माणसं घेऊन परतायचं असायचं. इकडे येताना खुर्च्या रिकाम्या म्हणून उडालंच नाही, तर परतीचं भाडंही बुडालं. उडानचं अनुदानसुद्धा झालेल्या फेरीवर मिळतं, उभ्या विमानावर नाही. हां, ‘ऑपरेशनल कारण’ असं मोघम सांगतात तेव्हा संशय जरूर घ्या. छोट्या कंपनीकडे विमानं मोजकीच, एखादं दुरुस्तीला गेलं की पहिली कात्री लहान गावाच्या फेरीला लागते.

2500 चं तिकीट थाप नाही, पण मेसेजवाल्याला अर्धीच योजना ठाऊक आहे. तासाभराच्या प्रवासाची ती सवलत निम्म्याच खुर्च्यांना असते. 70 आसनांच्या एटीआरमध्ये 35. त्या संपल्या की उरलेल्यांचा भाव बाजार ठरवतो, आणि चतुर्थीच्या आठवड्यात तो ऐकून एसटी आठवते!

राहिलं ‘माणसं नव्हती’. चिपी सुरू झालं 9 ऑक्टोबर 2021 ला. उडानचं अनुदान तीन वर्षांचं. अलायन्स एअरची मुंबई फेरी थांबली ऑक्टोबर 2024 मध्ये. तारखा शेजारी ठेवून बघा. त्यात जानेवारी 2023 पासून गोव्याचं मोपा विमानतळ सुरू झालेलं. बांदा-सावंतवाडीकराला ते जवळ, विमानं जास्त, शिवाय रात्रीही उतरतात. कोकणी माणूस विमानात बसतो हो, फक्त मोप्याला जाऊन.