गाडी दाखवण्याआधी उतरवा, दाखवल्यावर हात लावू नका

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. जुना ट्रक एक्सचेंजला देताना वरून बसवलेलं सामान आधी उतरवून घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, ते तुम्हाला पटलं नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही स्वतः ड्रायव्हरकी करून गाडीमालक झालात, तुमची गाडीही जुनीच घेतलेली, आणि आता दुसरी जुनी गाडी बघताय. तुमच्या मते नवी गाडी घेणाऱ्याने चार दिवे आणि एक टेप काढून नेणं हा कोतेपणा आहे. तेच सामान पुढच्या गरीब मालकाच्या उपयोगी पडतं. शोरूमवाले त्याचे पैसेही देतात, फक्त मागता आले पाहिजेत. सामान ओरबाडून नेलं की मागे भोकं आणि लोंबत्या वायरी राहतात आणि भुर्दंड पुढच्याला बसतो. शेवटी तुम्ही लिहिलंय, "आज दिवे काढा म्हणताय, उद्या टायर बदलून द्या म्हणाल."

टायरपासूनच सुरू करतो, कारण तो आरोप मला लागला. गाडी बघितली, टायरची नक्षी बघितली, भाव ठरला, इसार झाला आणि ताबा द्यायच्या आदल्या रात्री चांगले टायर उतरवून गोटे चढवले, तर ती चोरी आहे. बॅटरी बदलणं, स्टेपनीच्या जागी फाटका टायर टाकणं, जॅक-पाना गायब करणं हेही त्यातच आलं. मी जे लिहिलं ते याच्या नेमकं उलट आहे. जे काढायचं ते गाडी बघायला माणूस येण्याआधी काढा. त्याने गाडी बघून फोटो काढले की मग एक बोल्टही हलवायचा नाही. जे त्याने बघितलं त्याचाच भाव त्याने लावलाय, ते त्याचं झालं. आणि काढायचं काही राहूनच गेलं असेल, तर त्याच्यादेखत कागदावर लिहून घ्या की हे गाडीबरोबर जाणार नाही. तोंडी बोलण्यावर राहू नका, कारण भाव करणारा माणूस वेगळा असतो आणि ताबा घेणारा वेगळा.

आता पैशाचं. शोरूमकडून गाडी बघायला येणारा काय बघतो, ते तुम्हीही पाहिलं असेल. आधी चेसिस नंबर आरसीशी पडताळतो. मग मॉडेलचं साल, किलोमीटर. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडतो आणि आतून किती वाफ येते ते बघतो. गिअर, क्लच, केबिनचा सडका पत्रा, हौद्याचा तळ, फाळक्याचे बिजागर, टायर. त्यानंतर कागद: फिटनेस कुठपर्यंत आहे, टॅक्स भरलाय का, विमा, परमिट, बँकेचा बोजा उतरलाय का. एलईडी पट्टीला, ॲम्प्लिफायरला किंवा केबिनमधल्या गादीच्या कव्हरला त्या यादीत जागाच नाही. त्याला ती गाडी पुढे दलालाला विकायची असते आणि दलालही त्याच गोष्टी बघतो.

तुम्ही म्हणता, मागितलं तर देतात. देतात, पण कसे ते बघा. जुन्या गाडीचा भाव थोडा वाढवून लिहितात आणि नव्या गाडीवरची सूट तेवढीच कमी करतात. मालक खूश होऊन घरी जातो. म्हणून माझं सांगणं असं की नव्या गाडीचा ऑन-रोड भाव आणि जुन्या गाडीचा भाव हे दोन आकडे वेगवेगळे आणि कागदावर मागा. जुनी गाडी दिल्याबद्दल मिळणारा एक्सचेंज बोनस तिसरा, तोही वेगळा. हे तीन आकडे समोर ठेवले की सामानाचे पैसे खरंच मिळाले का, ते लगेच कळतं. माझ्या बघण्यात तरी ते फारसे मिळालेले नाहीत.

पुढच्या गरीब मालकाबद्दल तुम्ही लिहिलंत, तो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण शोरूमला दिलेली गाडी थेट त्याच्याकडे जात नाही. मध्ये दलाल असतो, त्याचं यार्ड असतं. चांगला टेप, चांगली ताडपत्री, नवा दोर हे सगळं तिथेच उतरतं आणि वेगळं विकलं जातं. पुढच्या मालकाच्या हाती राहते ती तुटकी ब्रॅकेट आणि कापलेली वायर. त्याच्या कामी यावं असं मनापासून वाटत असेल, तर हातोहात द्या. आम्ही आमची ताडपत्री, दोर आणि केबिनच्या टपावरचं कॅरियर एका ओळखीच्या ड्रायव्हरला दिलं. त्याने पहिलीच गाडी घेतली होती, आणि पहिल्या वर्षी हप्ता भरून ताडपत्री घ्यायला पैसे कुठून उरणार?

लोंबत्या वायरींबद्दल तुमचं बरोबर आहे, शंभर टक्के. मात्र त्या लोंबत्या वायरी सामान काढल्यामुळे येत नाहीत, त्या सामान बसवताना आलेल्या असतात. काढताना फक्त उघड्या पडतात. आमची दहा चाकी आम्हीही जुनीच घेतली होती आणि बंपरवरची एलईडी पट्टी आधीच्या मालकाची होती. ती काढायची म्हणून नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलला गाडी लावली आणि केबिन पुढे कलंडवली. पट्टीची वायर हेडलाईटची वायर सोलून तिला नुसती पिळलेली होती. वर काळी चिकटपट्टी, तिचा डिंक उन्हाने वितळून वायरवर ओघळलेला. फ्यूज नाही, रिले नाही. पुढे ती वायर चेसिसच्या कडेवरून गेली होती आणि तिथे आवरण घासून आतलं तांबं हिरवं पडलं होतं. तिथून डिझेलचा पाईप बोटभर अंतरावर. चालू स्थितीतल्या, झकास उजेड देणाऱ्या पट्टीची ही गोष्ट आहे. ती तशीच सोडून पुढच्याला दिली असती, तर ते दान म्हणायचं का?

टेपचंही तसंच. मोठ्या ट्रकला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणून बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. टेप मात्र बहुतेक वेळा बारा व्होल्टचा असतो. चोवीसचे बारा व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरचे पैसे वाचवायला वायरिंगवाला एकाच बॅटरीवरून वायर ओढतो. त्या बॅटरीतून जास्त करंट जातो, पण अल्टरनेटर दोघींना एकत्रच चार्ज करतो, त्याला कुठली किती उतरली ते कळत नाही. मग एक कायम अर्धवट चार्ज राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि वर्ष-दीड वर्षात मालक बॅटरी कंपनीला शिव्या देत बसतो. असा टेप काढताना नुसता डॅशबोर्डमधून ओढून काढला आणि वायर बॅटरीवर तशीच ठेवली, तर अर्धंच काम झालं.

म्हणून काढण्याची पद्धत पुन्हा सांगतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. वायर टोकाकडून कापू नका, ती जिथून घेतली तिथपर्यंत माग काढत जा आणि तिथून सोडवा. मूळ वायर सोललेली असेल तिथे नीट सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, घाला. कंपनीचा कपलर असेल तर तो परत जोडा. पत्र्याला पडलेल्या भोकांना रंगाचा हात मारून रबरी ग्रोमेट बसवा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. हॉर्न, आरसे, बल्ब, मडफ्लॅप जे मूळचं काढून ठेवलं असेल ते परत लावा. शेवटी ब्रेकलाईटपासून इंडिकेटरपर्यंत सगळे दिवे लावून बघा. या कामाला एखादा दिवस आणि चांगला वायरमन लागतो. ज्याला एवढं करायचं नाही त्याने सामान काढू नये, ते आहे तसं दाखवावं आणि विषय संपवावा. ओरबाडणाऱ्यांची बाजू मी कधीच घेतलेली नाही.

काही गोष्टी तर काढायच्याच नसतात. हौदा आरसीवर नोंदलेला असतो, बॉडीचा प्रकार आणि गाडीचं रिकामं वजन त्यावर असतं, त्याला हात लावायचा नाही. मागचा आणि बाजूचा अंडररन गार्ड, रिफ्लेक्टर पट्ट्या, स्पीड गव्हर्नर हे कायद्याने लागतं. भंगारात चार पैसे येतात म्हणून मागचा गार्ड काढणारे मी बघितलेत. रात्री मागून येणारी कार ट्रकखाली घुसू नये म्हणून तो असतो, त्याचा हिशोब पैशात करायचा नसतो. टपावर वेगळा एसी बसवलेला असेल तर तोही राहू द्यावा असं माझं मत आहे. तो काढला की टपाला मोठं भोक पडतं, आणि उन्हाळ्यात केबिन म्हणजे भट्टी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनचा एसी सक्तीचा झाला, पण त्याआधीच्या गाड्या अजून वर्षानुवर्षं रस्त्यावर राहणार आहेत.

उलट काही गोष्टी काढल्याच पाहिजेत, तुमचं औदार्य कितीही मोठं असलं तरी. बंपरवरचा लोखंडी क्रॅश गार्ड त्यातला पहिला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना कळवलं की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत आणि त्यांवर कारवाई करा. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. दुसरा प्रेशर हॉर्न. कर्कश आणि सुरावर सूर बदलणाऱ्या हॉर्नला नियम ११९ प्रमाणे बंदी आहे. तिसरं म्हणजे बीएस-६ गाड्यांत धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाचा खर्च वाचवायला काही जण बसवतात तो इम्युलेटर, म्हणजे युरिया नसतानाही सगळं ठीक आहे असं गाडीच्या कॉम्प्युटरला भासवणारा डबा. तो काढून मूळ यंत्रणा चालू करून दिलीच पाहिजे. तो तसाच राहिला तर ज्या दिवशी पुढचा मालक गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेईल, त्या दिवशी त्याच्या पायाखालची जमीन सरकेल.

आणि हे पुढच्या मालकापुरतंच मर्यादित नाही. गाडी ताब्यातून गेली तरी आरसीवर तुमचं नाव आहे तोवर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी हातोहात कितीही विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीवरचाच मालक धरला जाईल. तुमचा क्रॅश गार्ड लावलेली गाडी दलालाच्या यार्डातून कोण कुठे चालवतोय ते तुम्हाला माहीतही नसतं. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत डीलरला गाडी दिल्याची परिवहनच्या पोर्टलवर नोंद करता येते आणि तेव्हापासून जबाबदारी डीलरची होते. शोरूमकडे ती नोंदणी आहे का ते विचारा आणि नोंद झाल्याची पावती घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.

फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहील. जीपीएसचं सिम आणि डॅशकॅमचं कार्ड काढा, त्यात तुम्हाला माल देणाऱ्या पार्ट्यांचे पत्ते असतात. दारावरचा मोबाईल नंबर पुसा. डॅशबोर्डवरचा देव तर कोणी सांगायच्या आधीच आपण काढतो. केबिनच्या कपाळावरची आईच्या नावाची पाटीही सोबत न्या, ती दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही आणि आपल्याला ती भंगारात बघवणार नाही.

आता तुमच्या नव्या खरेदीबद्दल, कारण तुम्ही तिथे सामानाने भरलेली गाडी शोधताय असं वाटलं. भाव बोलायच्या आधी बॅटरीचा डबा उघडायला लावा. जाड मुख्य वायरींशिवाय आणखी वायरी टर्मिनलवर बांधलेल्या दिसल्या आणि त्यांना जवळ फ्यूज नसेल, तर त्या कुठे जातात ते शेवटपर्यंत बघा. मग एअर टँकपाशी जा. प्रेशर हॉर्नला हवा तिथूनच घेतात, ब्रेकला लागते तीच हवा. हॉर्न काढला असेल तर तिथे आट्यांचा पक्का प्लग बसलेला पाहिजे. नळी दुमडून वर तार गुंडाळलेली दिसली, तर त्या गाडीच्या ब्रेकवर विश्वास ठेवू नका. इंजिन चालवून हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. तेवढ्या वेळात गेजचा काटा खाली आला असेल तर साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड तपासून घ्या आणि दुरुस्ती विकणाऱ्याच्या खर्चाने करून मागा. शनिवारी मी टर्मिनललाच असतो. गाडी घेऊन आलात तर आमच्या वायरमनला दाखवू.