रोज पाचशे चेंडू मारून स्विंग सुधरत नाही

कोल्हापुरातल्या गोल्फवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय : ‘रोज पाचशे चेंडू मारा. डावा हात काठीसारखा ताठ, डोकं अजिबात हलवायचं नाही, ताकद खांद्यातून. बिनचेंडूची ड्रिल्स म्हणजे टाइमपास.’

आधी डावा हात. अमेरिकेच्या केल्विन पीटचं डावं कोपर लहानपणी मोडलं, हात पुन्हा सरळ झालाच नाही. तरी पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत, 12 विजेतेपदं, आणि 1981 पासून सलग 10 वर्षं ड्रायव्हिंगच्या, म्हणजे पहिल्या लांब फटक्याच्या, अचूकतेत पहिला. हात लांब हवा, आवळलेला नको.

डोक्याचंही तेच. स्वीडनच्या आनिका सोरेनस्टॅमचं डोकं चेंडूला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, लागतानाच लक्ष्याकडं वळायचं. एलपीजीए या महिलांच्या टूरची 72 विजेतेपदं तिच्या नावावर आहेत.

ताकद खांद्यातून, हे तालमींच्या गावात कुणाला पटतं कोण जाणे! धोबीपछाड मारणारा पैलवान नुसत्या हातानं ओढत नाही, कंबर घालतो. डाऊनस्विंगही, म्हणजे वर नेलेला क्लब चेंडूवर आणणंही, खालूनच सुटतो : पाय, कंबर, धड, हात, शेवटी क्लब. पाय जुळवून अर्धा स्विंग करून बघा. हातानं झोडपायला गेलात की तोल जातो, चूक तिथंच कळते.

आता टाइमपासबद्दल. चेंडू क्लबला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात काय दुरुस्त करणार? जे घडायचं ते आधीच घडलेलं असतं, आणि ते शिकायला चेंडू लागत नाही. गवतावर चुन्याची रेघ ओढा, सात नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) घ्या, रेघेवर चेंडू आहे असं समजून फिरवा. माती रेघेच्या पुढं, लक्ष्याच्या बाजूला उडाली तर ठीक. मागं उडाली तर बहुतेक वेळा वजन उजव्या पायावरच अडकलेलं असतं. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या रायफल नेमबाजीत कांस्य आणलं, तिथं गोळी न भरता चाप दाबण्याचा सराव नेहमीचा आहे. त्याला टाइमपास म्हणून दाखवा!

चेंडू मारायचेच, पण पन्नास, आणि दर दोन-तीन फटक्यांनी क्लब आणि निशाण बदलून. एकाच क्लबनं एकाच दिशेला मारत राहिलं की त्या संध्याकाळी हात बसल्यासारखा वाटतो. कोर्सवर, म्हणजे खेळाच्या मैदानावर, मात्र दर फटका वेगळा. आणि पाचशेच्या हट्टात तळहाताला फोड आले की ग्रीप नकळत बदलते. मग उरलेले सगळे चेंडू त्या बिघडलेल्या ग्रीपनंच मारले जातात.