तळटीपेतला पाद्री

एम.ए.ला जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हा इंग्रजी कवी होता. त्याच्या तळटीपांत रिचर्ड वॉटसन डिक्सन हे नाव यायचं. ‘कवीचा पत्रमित्र’, बस्स. परीक्षेला विचारणार नाहीत म्हणून मीही पान उलटून पुढे जायचे. खूप नंतर त्या दोघांची पत्रं वाचली आणि हा माणूस मनात घर करून बसला. त्याची जागा तळटीपेत नाही, हे आज मनापासून सांगावंसं वाटतंय.

डिक्सन १८३३चा, लंडनचा. वडील मेथॉडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचे धर्मोपदेशक. बर्मिंगहॅमच्या शाळेत पुढे चित्रकार झालेला एडवर्ड बर्न-जोन्स त्याचा दोस्त, ऑक्सफर्डला पुढे कवी आणि कलाकार झालेला विल्यम मॉरिस भेटला. कविता, चित्रं, मासिक काढणं, सगळं एकत्र चाललेलं. ते दोघे पुढे जगप्रसिद्ध झाले. डिक्सननं १८५८ मध्ये चर्चची दीक्षा घेतली. पुढच्याच वर्षी मॉरिसचं लग्न लागलं, तेही त्याच्याच हातून.

१८६१ मध्ये ‘ख्राइस्ट्स कंपनी’ हा त्याचा पहिला संग्रह आला, तीन वर्षांनी दुसरा. फारसं कुणी विचारलं नाही. त्याची एक इवलीशी शरदातली कविता आहे. विलोच्या झाडाची पानं निम्मी पिवळी पडलीत, ओढा फुगलाय, काटेरी झुडपाचं डोकं बर्फासारखं पांढरं झालंय. एवढंच आहे तिच्यात, पण वाचल्यावर अंगावर गार वारा येतो. असं लिहिणारा माणूस उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरात शाळेत शिकवत राहिला, मग तिथल्या कॅथेड्रलमध्ये लागला आणि १८७५ला हेटन नावाच्या खेड्यात व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचा पाद्री झाला.

आणि १८७८च्या जूनमध्ये त्याला जेझुइट या कॅथलिक संघातल्या एका अनोळखी पाद्र्याचं पत्र आलं. १८६१ मध्ये डिक्सन काही महिने लंडनच्या हायगेट शाळेत शिकवायला होता, तेव्हाचा हा तिथला विद्यार्थी. त्यानं लिहिलं होतं: तुमच्या कविता मला इतक्या आवडायच्या की मठात जाताना पुस्तक नेता येणार नाही म्हणून त्यांतल्या काही हातानं उतरवून घेतल्या. इतकं सुंदर लिहूनही कुणाला माहीत नसलेल्या कवीला असं पत्र आलं तर बरं वाटेल, म्हणून लिहितोय.

हा विद्यार्थी म्हणजे हॉपकिन्स. पंचेचाळीस वर्षांच्या डिक्सननं कळवलं की तुमच्या पत्रानं मी आतून हादरून गेलो. हे उत्तर मी कितीदा वाचलंय, दर वेळी घसा दाटतो.

मग हॉपकिन्सनं आपल्या कविता त्याला पाठवल्या. त्या काळी त्या वाचून गोंधळून जाणंच स्वाभाविक होतं. डिक्सन मात्र थक्क झाला. त्यानं त्यांतली एक कविता कार्लाइलच्या वर्तमानपत्रात छापून आणायचा घाट घातला, तेव्हा हॉपकिन्सनंच घाबरून त्याला थांबवलं. स्वतःला वाचक मिळाले नाहीत म्हणून डिक्सन कडवट झाला नाही, दुसऱ्याच्या कवितेसाठी धावाधाव करायला निघाला. माझ्या लेखी हे फार मोठं आहे.

पॅरिशची, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतली कामं, बाप्तिस्मे, अंत्यविधी सांभाळून तो इतिहासही लिहीत होता. चर्च ऑफ इंग्लंड रोमपासून तुटलं त्या काळाचा, १५२९ ते १५७०चा, सहा खंडांत. पहिला खंड हॉपकिन्सचं पत्र आलं त्याच वर्षीचा. मोठी ग्रंथालयं लांब, हाताशी मदतनीस नाही, तरी वीसेक वर्षं नेटानं हे काम चाललं. राजा आठव्या हेन्रीनं कॅथलिक मठ मोडले त्याबद्दल मेथॉडिस्ट घरातला हा माणूस मठवाल्यांच्या बाजूनं हळहळत लिहितो, याचं मला फार अप्रूप वाटतं. हा इतिहास कवीनंच लिहिलाय.

१८८३ पासून तो वॉर्कवर्थला व्हिकर होता, तिथंच १९०० मध्ये गेला. इतिहासाचे शेवटचे दोन खंड १९०२ मध्ये, त्याच्या माघारी निघाले. हॉपकिन्स त्याच्या आधीच, १८८९ला गेला होता. हॉपकिन्सच्या कवितांचं पुस्तक निघायला १९१८ उजाडलं. डिक्सननं त्या चाळीस वर्षं आधीच वाचायला घेतल्या होत्या, हस्तलिखितात.